आमच्यावर बिशप नाही, मग जाब कोण विचारणार? स्वतंत्र मंडळ्यांच्या कारभाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न सभेत फारसे विचारले जात नाहीत. उपासना संपल्यावर, चपला घालता घालता, हळू आवाजात विचारले जातात. मी बरीच वर्षं एका छोट्या मंडळीचा (म्हणजे चर्चचा) सचिव होतो, त्यामुळे यातले बरेचसे माझ्या कानावर आले आणि काही मी स्वतःच विचारले आहेत. उत्तरांत माझी मतं आहेत, ती लपवलेली नाहीत.

'स्वतंत्र मंडळी' म्हणजे नेमकं काय?

जिच्यावर बिशप (अनेक मंडळ्यांवरचा अधिकारी), सिनड (अनेक मंडळ्यांची वरिष्ठ सभा) किंवा संप्रदायाचं मुख्यालय यांचा अधिकार चालत नाही ती. पाळक (पास्टर) कोण असावा, पैसा कसा खर्चावा, कोणाला सभासद करावं, हे तिचं तिने ठरवायचं. बाहेरून कोणी येऊन तो निर्णय फिरवू शकत नाही.

पण ही व्याख्या मंडळीच्या बाहेरचं सांगते, आतलं काहीच सांगत नाही. आत तीन वेगवेगळे प्रकार असू शकतात. कुठे सगळे सभासद मिळून निर्णय घेतात, कुठे वडिलांचं, म्हणजे मंडळीतल्या ज्येष्ठ पुढाऱ्यांचं, मंडळ घेतं, आणि कुठे मंडळी ज्याने सुरू केली तो एकटा माणूस. तिन्हींच्या दारावर पाटी 'स्वतंत्र' हीच. आमची मंडळी स्वतंत्र आहे म्हणजे ती लोकशाही पद्धतीने चालते, असं अनेकांना वाटतं आणि पहिल्याच वादात त्यांचा भ्रमनिरास होतो.

ख्रिस्त हाच मंडळीचं मस्तक, हे तिन्ही ठिकाणी सारख्याच श्रद्धेने म्हटलं जातं. खरा कारभार कळून घ्यायचा असेल तर एवढंच विचारा: चेकवर सही कोणाची, आणि त्या सहीला 'नाही' म्हणायचा अधिकार कोणाला?

ही कल्पना आली कुठून? नव्या करारात तर सगळ्या मंडळ्या प्रेषितांच्या हाताखाली होत्या ना?

होत्या. पण प्रेषित (येशूने पाठवलेले पहिले प्रचारक) गेल्यावर तो अधिकार कोणाकडे गेला, यावरच सगळा वाद आहे. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखियाचा इग्नाती आपल्या पत्रांत एक बिशप, त्याच्यासोबत वडील आणि डीकन (सेवक) अशी रचना आग्रहाने मांडतो, आणि पुढे बहुतेक ठिकाणी तीच रूढ झाली.

सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये काही जणांनी वेगळं म्हणायला सुरुवात केली. रॉबर्ट ब्राउन याने १५८२ मध्ये लिहिलं की मंडळीची सुधारणा करायला राजाच्या परवानगीची वाट बघत बसू नये. विश्वासी लोक एकमेकांशी आणि देवाशी करार करून एकत्र आले की ती मंडळी झाली. (गंमत म्हणजे ब्राउन स्वतः पुढे राजमान्य चर्चमध्ये परत गेला आणि तिथेच त्याने पाळकपण केलं.) ज्यांनी माघार घेतली नाही त्यांतल्या हेन्री बॅरो आणि जॉन ग्रीनवुड यांना १५९३ मध्ये फाशी झाली. काही जण हॉलंडला पळाले. १६०९ मध्ये आम्स्टरडॅममध्ये जॉन स्मिथ आणि थॉमस हेल्विस यांच्या गटातून पहिली बाप्तिस्त मंडळी (विश्वास कबूल करणाऱ्यांनाच बाप्तिस्मा देणारी) उभी राहिली. हॉलंडमधल्याच लायडनच्या मंडळीतले काही लोक १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजाने अमेरिकेला गेले. १६४८ मध्ये न्यू इंग्लंडच्या मंडळ्यांनी आपल्या कारभाराची पद्धत 'केंब्रिज प्लॅटफॉर्म' नावाच्या दस्तऐवजात लिहून काढली. मंडळीला घटना (लेखी नियमावली) हवी कशाला, असं म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी सांगतो. स्वातंत्र्यासाठी फासावर गेलेल्या माणसांच्या वारसदारांना नियम लिहून ठेवण्याची गरज वाटली होती.

वडील, अध्यक्ष, पाळक ही तीन पदं आहेत की एकच?

नव्या कराराच्या आधारे एकच म्हणता येतं. प्रेषितांची कृत्ये, २० वा अध्याय बघा. सतराव्या वचनात प्रेषित पौल इफिसच्या मंडळीच्या वडिलांना मिलेत इथे बोलावतो. अठ्ठाविसाव्या वचनात त्याच माणसांना तो सांगतो की पवित्र आत्म्याने तुम्हाला अध्यक्ष म्हणून नेमलं आहे, तेव्हा मंडळीचं पालन करा. वडील तेच, अध्यक्ष तेच, पाळकाचं कामही त्यांचंच. तीताला लिहिलेल्या पत्रातही पहिल्या अध्यायाच्या पाचव्या वचनात 'वडील' आणि सातव्या वचनात 'अध्यक्ष' हे शब्द एकाच माणसासाठी येतात. डीकन म्हणजे सेवक, ते मात्र वेगळे. फिलिप्पैकरांस पत्राच्या पहिल्याच वचनात अध्यक्ष आणि सेवक असा निराळा उल्लेख आहे.

मग एकच पाळक असणं चुकीचं का?

चुकीचं म्हणणार नाही. पण नव्या करारात एखाद्या मंडळीच्या वडिलांचा उल्लेख येतो तेव्हा तो जवळजवळ नेहमी अनेकवचनी येतो. प्रत्येक मंडळीत 'वडील' नेमले, 'वडिलांना' बोलवा, असा. एका माणसाला आपला स्वभाव आतून दिसत नाही. शेजारी बसलेल्याला दिसतो, आणि तो शेजारी बरोबरीचा असेल तर सांगतोही.

एकोणिसाव्या शतकात ब्रदरन मंडळ्यांनी तर पगारी पाळक हे पदच नाकारलं. अनेक वडील, आळीपाळीने वचन सांगणारे भाऊ, आणि दर रविवारी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी). हा नमुना आजही जगभर चालतो. त्यातली अडचणही त्या मंडळ्यांतलेच लोक मोकळेपणाने सांगतात: कोणीच अधिकृत पुढारी नसला की जो जास्त बोलतो तो पुढारी होतो.

आमच्याकडे सात वडील आहेत. म्हणजे आम्ही सुरक्षित, नाही का?

सात जणांना नेमलं कोणी, हे आधी सांगा. पाळकाने एकट्याने नेमले असतील, त्यातला एक त्याचा मेहुणा आणि दोघे त्याच्या पगारावर असतील, तर ते सात नाहीत. एकच माणूस सात खुर्च्यांवर बसला आहे.

सिॲटलच्या मार्स हिल चर्चमध्ये वडील होते, नियमावलीही होती. २००७ मध्ये ती नियमावली बदलून खरा अधिकार मोजक्या जणांच्या हाती आला आणि त्याच सुमारास दोन वडिलांना कामावरून कमी करण्यात आलं. पंधरा ठिकाणी पसरलेली ती मंडळी मुख्य पाळक मार्क ड्रिस्कॉल यांच्या २०१४ मधल्या राजीनाम्यानंतर काही आठवड्यांतच विसर्जित झाली. शिकागोजवळच्या विलो क्रीकमध्ये संस्थापक पाळक बिल हायबल्स यांच्यावर स्त्रियांनी केलेले आरोप वडिलांच्या मंडळाने हाताळले. हायबल्स यांनी आरोप नाकारले आणि एप्रिल २०१८ मध्ये पद सोडलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपण चुकलो हे मान्य करत वडिलांचं अख्खं मंडळच पायउतार झालं. दोन्ही ठिकाणी वडील होते. पण ज्याला जाब विचारायचा त्याच्याच प्रभावाखाली ते बसले होते.

मतदान बायबलला धरून आहे का? सत्य काय बहुमताने ठरतं?

सत्य ठरत नाही, पण खजिनदार कोण हे ठरू शकतं.

कृत्ये ६ मध्ये विधवांच्या रोजच्या वाटपावरून कुरकुर झाली तेव्हा प्रेषितांनी स्वतः सात माणसं नेमली नाहीत. 'तुमच्यातून निवडा' असं सगळ्या शिष्यांना सांगितलं आणि निवडलेल्यांवर हात ठेवले. दुसऱ्या करिंथकरांस पत्राच्या ८:१९ मध्ये दानाबरोबर जाणाऱ्या भावाला मंडळ्यांनी 'निवडलं' असं आहे; तिथल्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ हात वर करणं. मतदानाचे समर्थक हे वचन आनंदाने दाखवतात. पण तोच शब्द कृत्ये १४:२३ मध्येही येतो आणि तिथे वडील नेमणारे पौल आणि बर्णबा आहेत, मंडळी नाही. तेव्हा एका शब्दावर घर बांधू नये.

व्यवहारात मला पटलेली वाट अशी: वडिलांनी नाव सुचवावं, मंडळीला निदान एक महिना आक्षेप घेण्यासाठी द्यावा, आणि मग सभासदांनी गुप्त मतदान करावं. हात वर करून नको. पाळक समोर बसलेला असताना हात वर करणं किती जड जातं हे मी पाहिलेलं आहे.

आणि मतदान घ्यायचं तर सभासदांची यादी हवी. आमच्याकडे एका वार्षिक सभेत दीड तास याच वादात गेला की सभासद कोण. तीन वर्षांपूर्वी गाव सोडून गेलेला सभासद का? बाप्तिस्मा न घेतलेला पण दर रविवारी येणारा सभासद का? कोणाकडेच उत्तर नव्हतं, कारण वही नव्हती. मूळ विषयाला हात लागायच्या आत लोक जेवायला निघून गेले.

पाळकाला प्रश्न विचारला की 'अभिषिक्ताला हात लावू नका' असं ऐकवतात. काय उत्तर द्यावं?

अभिषिक्त म्हणजे देवाने निवडून नेमलेला. आधी ते वचन उघडा. स्तोत्र १०५:१५. तिथे देव राजांना धमकावतो आहे. अब्राहाम, इसहाक, याकोब हे परक्या देशांत भटकत असताना तिथल्या सत्ताधाऱ्यांनी त्यांना इजा करू नये म्हणून. म्हणजे ते वचन सत्ता नसलेल्यांच्या रक्षणासाठी आहे. ते सत्ता असलेल्याच्या बचावाला लावणं म्हणजे उलटी गंगा.

दुसरा दाखला दावीद आणि शौलाचा देतात. राजा शौल जिवावर उठला असतानाही दावीदाने त्याच्यावर शस्त्र उचललं नाही हे खरं. पण १ शमुवेल २४ पुढे वाचा. गुहेतून बाहेर येऊन त्याने शौलाला त्याच्या तीन हजार माणसांच्या देखत हाक मारली आणि तुम्ही माझ्यावर अन्याय करत आहात हे स्पष्ट सांगितलं. जीव न घेणं वेगळं, गप्प बसणं वेगळं. पौलाने तर पेत्राला तोंडावर विरोध केला आणि ते गलतीकरांस पत्रात लिहूनही ठेवलं.

वडिलावरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय दाखल करून घेऊ नये, हे १ तीमथ्य ५:१९ सांगतं. हे संरक्षण योग्य आहे, कारण पाळकाबद्दल कुचाळक्या करणारे प्रत्येक मंडळीत असतात. पण विसावं वचनही आहे: जे पाप करतात त्यांचा दोष सर्वांसमोर दाखव. एकोणिसावं पाठ आणि विसावं विसरलेलं, अशी मंडळी मी पाहिली आहे. तीमथ्याच्या पत्रात मात्र दोन्ही एकाच पानावर आहेत.

'तुमच्या मंडळीला कव्हरिंग कोणाचं?' असं विचारतात. ते असायलाच हवं का?

'कव्हरिंग' किंवा 'आत्मिक छत्र' म्हणजे आपल्या मंडळीने बाहेरच्या एखाद्या ज्येष्ठ सेवकाच्या अधिकाराखाली राहणं. ही भाषा पसरवण्यात १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या 'शेफर्डिंग' चळवळीचा मोठा हात होता. प्रत्येकावर एक मेंढपाळ, त्या मेंढपाळावर दुसरा. नोकरी, लग्न, घर यांचेही निर्णय त्याला विचारून. इतका ताबा वाढला की बाहेरच्या पुढाऱ्यांनी उघड टीका केली. पुढे ती चळवळ विस्कटली आणि तिच्या प्रमुखांपैकी एकाने जाहीर माफीही मागितली.

सल्ला घेणं वेगळं आणि छत्राखाली जाणं वेगळं. १६४४ मध्ये लंडनच्या सात बाप्तिस्त मंडळ्यांनी जी विश्वासाची कबुली प्रसिद्ध केली तिच्यात हा तोल छान सांभाळला आहे: प्रत्येक मंडळी स्वतःत पूर्ण आहे, तरी सगळ्यांनी एकाच नियमाने चालावं आणि एकमेकींचा सल्ला व मदत घ्यावी. केंब्रिज प्लॅटफॉर्म आणखी पुढे जातो. शेजारची मंडळी चुकत असेल तर तिला बोध करावा, ऐकत नसेल तर तिच्याशी सहभागिता (एकत्र उपासना, प्रभुभोजन) थांबवावी, असं तो सांगतो. तिच्या पाळकाला काढण्याचा अधिकार मात्र देत नाही.

इथे ताणलं तर तुटतं. १८४८ मध्ये ब्रिस्टलच्या बेथेस्डा मंडळीने कोणाला सहभागितेत घ्यावं यावरून ब्रदरन लोकांत फूट पडली. एका मंडळीचा निर्णय इतर सगळ्यांना बांधील की नाही, हा त्यातला मोठा मुद्दा होता. जॉन नेल्सन डार्बी यांच्या बाजूचे लोक 'बांधील' म्हणाले आणि त्यांचा वेगळा, बंदिस्त गट झाला. जॉर्ज म्युलर यांच्या बाजूच्या मंडळ्या खुल्या राहिल्या.

तुम्हाला छत्र देऊ करणाऱ्याला एकच विचारा: तुम्हाला जाब विचारणारे कोण? उत्तर 'देव' असं आलं तर चहा पिऊन निघावं.

पाळकाला काढता येतं का? त्याला तर देवाने बोलावलं आहे.

येतं. १७५० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टनच्या मंडळीने जोनाथन एडवर्ड्सला काढलं. त्या काळातला तो इंग्रजी भाषेतला सगळ्यात खोल विचार करणारा ईश्वरविद्यावंत. आजोबांच्या हाताखाली त्याने तिथे सेवा सुरू केली होती आणि वीस वर्षांहून अधिक काळ पाळकपण केलं होतं. प्रभुभोजनाला कोणाला बसू द्यावं, यावर त्याने आजोबांची सैल पद्धत बदलून कडक नियम आणायचा म्हटलं आणि मंडळी बिथरली. शेजारच्या मंडळ्यांचं सल्लागार मंडळ बसलं. मग मत देण्याचा हक्क असलेल्या पुरुष सभासदांनी मतदान केलं, त्यात त्याच्या बाजूने फक्त २३ जण उभे राहिले. मंडळीचं बरोबर होतं असं मला वाटत नाही. पण रीत बघा. बाहेरचा सल्ला, सभासदांचं मतदान, निरोपाचं प्रवचन. आणि दुसरा पाळक मिळेपर्यंत मधल्या काळात उपदेश करायला त्यांनी त्यालाच बोलावलं, तोही गेला.

तुमच्या घटनेत हे आधीच लिहिलेलं हवं: काढण्याचा ठराव कोण मांडू शकतो, सूचना किती दिवस आधी, किती मतं लागतील (बरेच जण दोन तृतीयांश ठेवतात), आणि पाळकाला किती महिन्यांचा पगार व राहायला घर किती दिवस. शेवटची बाब लोक विसरतात. पाळकाचं घर मंडळीचं असतं, त्याची मुलं त्याच गावातल्या शाळेत असतात. बेघर होण्याची भीती असलेला माणूस शांतपणे राजीनामा कसा देईल?

पैशाचं काय? आमच्याकडे विश्वासावर चालतं.

येशूच्या शिष्यांतही पैशाची थैली एकाच माणसाकडे होती. ती यहूदा इस्कर्योताकडे होती, आणि तो तिच्यातून चोरी करायचा, हे योहान १२:६ सांगतं.

पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेलं दान एकट्याने नेलं नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली, आणि कारणही दिलं: आमच्यावर कोणी ठपका ठेवू नये, आणि जे केवळ प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने योग्य ते करावं. प्रेषिताला याची गरज वाटली, तर आपल्याला वाटायला कमीपणा कसला?

म्हणून अर्पण उपासनेनंतर तिथेच, एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या दोघांनी मोजावं आणि वहीत दोघांनी सही करावी. बँकेत दोन सह्या. हिशेबतपासणी बाहेरच्या माणसाकडून. पाळकाचा पगार ठरतो त्या चर्चेत पाळक आणि त्याचं कुटुंब खोलीबाहेर. अमेरिकेत १९७९ मध्ये सुरू झालेली आर्थिक उत्तरदायित्वाची एक इव्हँजेलिकल परिषद सदस्य संस्थांकडून निदान पाच जणांचं मंडळ मागते, आणि त्यातले बहुसंख्य ना नातेवाईक ना पगारी. लहान मंडळीलाही हे जमतं.

जागा आणि इमारत कोणाच्या नावावर असावी?

मंडळीच्या. त्या त्या देशाच्या कायद्याप्रमाणे न्यास, सोसायटी, कंपनी, जे काही असेल त्याच्या नावावर. पाळकाच्या नावावर कधीही नाही, 'तात्पुरती' सुद्धा नाही. पाळक उद्या वारला तर त्याचे वारस दारावर उभे राहतील, आणि त्यात त्यांची चूक नसेल.

एक गुंता लक्षात ठेवा. कायद्याच्या नजरेत मालकी विश्वस्तांकडे, पण मंडळीच्या नजरेत पुढारी म्हणजे वडील. ही दोन वेगळी मंडळं असतील तर विश्वस्तांनी कोणाच्या ठरावाने चालायचं हे लेखी हवं. नाहीतर वडील एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे.

एखाद्याने गंभीर पाप केलं तर मत्तय १८ प्रमाणे आतच मिटवायचं ना?

भावाभावांतला अपराध असेल तर हो. आधी एकांतात, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीसमोर. आणि पश्चात्ताप झाला तर परत जवळ घ्यायचं. २ करिंथ २ मध्ये पौल त्यासाठी विनवणी करतो.

पण गुन्हा वेगळा. मुलांवर किंवा स्त्रियांवर अत्याचार, पैशांची अफरातफर, मारहाण झाली तर पोलिसांकडे जायचं. तेही लगेच, वडिलांची बैठक होईपर्यंत थांबायचं नाही. पीडित मुलीला अत्याचार करणाऱ्याशी 'आधी एकांतात बोल' असं सांगण्यासाठी मत्तय १८ लिहिलेला नाही. मंडळीची शिस्त आणि पोलिसांची चौकशी दोन्ही आपापल्या वाटेने चालू शकतात, पण पहिलीने दुसरीची वाट अडवू नये.

स्त्रिया वडील किंवा डीकन होऊ शकतात का?

मंडळ्या यावर विभागलेल्या आहेत. एक बाजू १ तीमथ्य २:१२ दाखवते (स्त्रीने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये), दुसरी रोमकरांस १६:१ मधली किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी. अमेरिकेतल्या सदर्न बाप्तिस्तांत प्रत्येक मंडळी स्वतंत्र मानली जाते, तरी २०२३ मध्ये याच मुद्द्यावरून त्यांच्या महासभेने सॅडलबॅक चर्चला सभासदत्वातून वगळलं. त्या मंडळीचं काम बंद झालं नाही, नातं तुटलं. तुमची भूमिका कोणतीही असो, ती आधी लिहून ठेवा. एखाद्या बहिणीचं नाव पुढे आल्यावर नियम शोधायला बसणं तिच्यावर अन्याय आहे.

पाळकानंतर त्याचा मुलगा, असं आपोआप होतं. थांबवावं कसं?

शमुवेलाच्या उदाहरणाने सुरुवात करा. एवढा मोठा संदेष्टा, पण म्हातारपणी त्याने आपल्या मुलांना शास्ते (न्याय करणारे पुढारी) नेमलं आणि ती लाच खाऊ लागली. शेवटी इस्राएलाच्या वडिलांनाच त्याच्याकडे जाऊन तोंडावर सांगावं लागलं. मोशेनंतर मात्र त्याचा मुलगा आला नाही, यहोशवा आला.

मुलगा लायक असेल तर त्याला इतर उमेदवारांच्या रांगेतून येऊ द्या. निवड करणाऱ्या समितीत बाप नको, आई नको. निवडून आला तर त्याचंही बरं, नाहीतर आयुष्यभर 'बापामुळे' हे ऐकत राहील.

घटना लिहायची आहे. सगळ्यात आधी काय लिहावं?

सगळ्यात शेवटचं कलम. मंडळी बंद झाली किंवा दुभंगली तर इमारत, पैसा आणि सामान कोणाकडे जाईल? भांडण नसताना हे लिहायला अर्धा तास पुरतो. एखाद्या समविचारी मंडळीचं किंवा सेवाकार्याचं नाव घाला आणि व्यक्तींमध्ये वाटणी होणार नाही असं स्पष्ट म्हणा. मग विश्वासवचनं, सभासदत्व, वडिलांची नेमणूक आणि मुदत, वार्षिक सभा व गणसंख्या, पैसा, शिस्त आणि घटना बदलण्याची रीत. आठ-दहा पानं पुरेत. वकिलाला दाखवा, आपल्या भाषेत ठेवा, आणि प्रत्येक सभासदाला प्रत द्या. आमच्या मंडळीची एकुलती एक प्रत पाळकाच्या कपाटात होती आणि कपाटाची किल्ली पाळकाच्या बायकोकडे.